हुंडी नेणारा कारकून आणि नोटरीचा शिक्का

कलम १३८ म्हटलं की आज कोणालाही एकच गोष्ट आठवते, चेक बाउन्स. दिल्लीत तर रिक्षावालासुद्धा 'एक सौ अड़तीस' म्हणून दम देतो. पण हे चेकचं प्रकरण १ एप्रिल १९८९ पासूनचं. १८८१ साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट झाला, तेव्हा याच १३८ व्या कलमात नोटरी कोणी नेमायचे हे सांगितलेलं होतं. पुढे नोटरींसाठी स्वतंत्र कायदा झाला, ते कलम रद्द झालं, तीसेक वर्षं ती जागा रिकामी राहिली आणि मग तिथे चेक येऊन बसला.

आजचा विषय त्या हुसकावलेल्या नोटरीचा आहे. नेमकं सांगायचं तर त्याच्या हाताखालच्या माणसाचा. पूर्वी त्याला कारकून म्हणायचे, दिल्लीत मुनशी म्हणतात, आणि गेल्या काही वर्षांत त्याच टेबलापाशी काळा कोट घातलेली कॉलेजची पोरं दिसतात, ती इंटर्न. या माणसानं कागदावर शिक्का मारला आणि तो कागद खोटा निघाला, तर जबाबदार कोण? मारणारा, की ज्याचं नाव शिक्क्यावर आहे तो?

हा प्रश्न किती जुना असेल? साधारण १५०० वर्षं.

सहाव्या शतकातलं कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. बादशहा जस्टिनियन. तिथे बाजारातल्या चौकात ठरलेल्या जागी बसून लोकांचे करार, दानपत्रं, कर्जखतं लिहून देणारे लोक असत. त्यांना ताबेलिओ म्हणत. आपल्या नोटरीचा हा खापरपणजोबा. एका बाईनं असाच कागद करून घेतला. बाई निरक्षर. पुढे भांडण कोर्टात गेलं तेव्हा ती म्हणाली, या कागदात जे लिहिलंय ते मी सांगितलेलंच नाही.

न्यायाधीशानं ताबेलिओला बोलावलं. तो म्हणाला, शेवटची पूर्ततेची नोंद आमच्याकडची आहे, अक्षर मी ओळखतो. पण पुढचं मला ठाऊक नाही, कारण काम सुरुवातीला मी घेतलंच नव्हतं, हाताखालच्या एकाकडे दिलं होतं. बरं, कागद पूर्ण होताना तरी तुम्ही होतात? तेव्हाही नव्हतो, दुसऱ्या एका माणसाला पाठवलं होतं. तो दुसरा आला. तो म्हणाला, माझ्यासमोर कागद पूर्ण झाला एवढंच मला माहीत, आत काय होतं ते नाही. आणि बाईचं म्हणणं ज्यानं प्रत्यक्ष ऐकून घेतलं होतं, तो पहिला माणूस सापडेना. तीन माणसं, एक कागद, आणि त्यात काय लिहायला सांगितलं होतं हे सांगणारा एकही नाही. साक्षीदार होते म्हणून निभावलं, नाहीतर बाई बुडाली होती.

हे प्रकरण जस्टिनियनपर्यंत पोचलं आणि ५३७ च्या सुमारास त्यानं त्यावर स्वतंत्र कायदा काढला. रोमन कायद्याचे अभ्यासक त्याला ४४ वी नॉव्हेल म्हणतात. त्याचा आशय असा की ताबेलिओनं काम स्वतः ऐकून घ्यायचं आणि कागद पुरा होऊन हातात देताना स्वतः हजर राहायचं. न राहिल्यास त्याची ती चौकातली जागा जाईल. आणि जाईल कोणाकडे? ज्या हाताखालच्या माणसाला त्यानं आपल्या जागी पाठवलं, त्याच्याकडे! मला ही शिक्षा फार आवडते. साहेबाला घरी बसवायचं आणि पोराला त्याच्या खुर्चीवर बसवायचं. असा कायदा आमच्या वेळी फौजेत असता तर बरेच अ‍ॅडज्युटंट कर्नल झाले असते.

जस्टिनियन व्यवहारी होता. राजधानीत काम फार असतं हे त्याला कळत होतं, म्हणून तिथल्या ताबेलिओला एक मदतनीस ठेवायची मुभा त्यानं दिली. पण एकच, आणि त्याचं नाव अधिकाऱ्याकडे रीतसर नोंदवलेलं पाहिजे. आजारी पडलो तर, गर्दी झाली तर, या सबबी त्यानं विचारात घेतल्या आणि बाजूला सारल्या. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या कायद्यात नोंदवलेल्या मदतनिसाची ही एक खिडकीसुद्धा नाही. त्यावर येतोच.

युरोपातली मधली शतकं सोडून देऊ. इंग्लंडमध्ये नोटरी नेमण्याचा अधिकार पोपचा होता. १५३३ साली आठव्या हेन्रीनं पोपशी संबंध तोडताना तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडे दिला. त्यासाठीचं कार्यालय म्हणजे कोर्ट ऑफ फॅकल्टीज, आणि त्याचा प्रमुख मास्टर ऑफ द फॅकल्टीज. आपल्या कामाचा कायदा १८०१ चा. त्यात पहिल्यांदा ठरलं की नोटरी व्हायचं तर आधी एखाद्या नोटरीकडे किमान ७ वर्षं शिकाऊ म्हणून काढली पाहिजेत. १८४३ मध्ये ती ५ वर्षांवर आली. त्याच १८०१ च्या कायद्यात दुसरी बाजूही होती. नोटरीनं आपलं नाव एखाद्या अपात्र माणसाला धंद्यासाठी वापरू दिलं, तर नोटरीचंच नाव यादीतून जायचं. शिकाऊ पोरगा ठेवा, जरूर ठेवा, वर्षानुवर्षं ठेवा, पण त्याला तुमचं नाव उसनं देऊ नका, असा तो बंदोबस्त होता.

आपल्याकडे नोटरी हा शब्द नव्हता, प्रश्न मात्र होताच. मोडीतले जुने सरकारी कागद पाहा. मजकूर कारकुनाच्या हातचा असतो, वर मुद्रा असते, आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. मोर्तब कशासाठी? त्याच्या खाली कोणी ओळ वाढवू नये म्हणून. लांब कागद तुकडे जोडून केलेला असेल तर मागे सांध्यावरही शिक्का, मधला तुकडा बदलता येऊ नये म्हणून. लिहिणारा आणि ठसा उमटवणारा वेगळे असतात हे गृहीत धरूनच ही सगळी काळजी घेतलेली होती. बाळाजी आवजींनी महाराजांसमोर कोऱ्या कागदावरून पत्र वाचून दाखवलं ही आख्यायिका आपण कौतुकानं सांगतो. कौतुक करावंच, पण कोऱ्या कागदावर मोर्तब झालं असं त्या गोष्टीतही कोणी म्हणत नाही.

आता दिल्लीत राहून महादजींचं नाव घेतलं नाही तर आमच्या महाराष्ट्र मंडळातली मंडळी रागावतील. दिल्लीच्या तीस हजारी कोर्टाचं नाव १७८३ साली तिथे तळ देऊन राहिलेल्या बघेल सिंगांच्या ३० हजार शीख फौजेवरून पडलं असं सांगतात. पुढच्याच वर्षी, १७८४ मध्ये, शाह आलमच्या दरबारात महादजी शिंद्यांनी वकील-ए-मुतलक हे पद मिळवलं. ते घेतलं पेशव्यांच्या नावानं, आणि स्वतः त्यांचे नायब म्हणून कारभार पाहिला. पद एकाचं, हात दुसऱ्याचा. पण बादशहा, पेशवे आणि महादजी, तिघांनाही ते उघड माहीत होतं आणि कागदावर होतं. नायबी उघड असली की तिला व्यवस्था म्हणता येतं, आणि चोरून चालवली की तीच फसवणूक ठरते.

सावकारीत हे काम गुमास्त्याचं. पुण्याच्या पेढीची हुंडी औरंगाबादेत किंवा दिल्लीत दाखवायला पेढीचा मालक थोडाच जाणार? गुमास्ता जायचा, हुंडी दाखवायचा, समोरच्यानं सकारली की नकारली ते येऊन सांगायचा. पेढीची इभ्रत मालकाची, पायपीट गुमास्त्याची. हा गुमास्ता आता डोक्यात ठेवा, कारण १९५२ च्या कायद्यात तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गंमतशीर अवस्था होती. १८८१ च्या कायद्याखाली सरकारनं नेमलेले नोटरी होते, पण त्यांचं काम हुंड्या आणि बिलांपुरतं. पूर्ण अधिकाराचा नोटरी व्हायचं तर अर्ज लंडनला, त्या मास्टर ऑफ द फॅकल्टीजकडे. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या मुंबईच्या सॉलिसिटरनं शिक्क्यासाठी आर्चबिशपच्या कचेरीकडे जायचं. हे थांबवायला नोटरीज अ‍ॅक्ट १९५२ आला. प्रत्यक्ष लागू झाला १४ फेब्रुवारी १९५६ ला, आणि त्याच वर्षी नियम आले.

या कायद्याचं ९ वं कलम मी तुम्हाला थोडं सावकाश सांगतो. प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कोणीही नोटरी म्हणून काम करायचं नाही, नोटरीच्या अधिकृत शिक्क्याखाली कोणतंही कृत्य करायचं नाही. सरळ आहे. पण खाली एक परंतुक आहे. प्रॉमिसरी नोट, हुंडी किंवा बिल ऑफ एक्स्चेंज स्वीकारण्यासाठी वा पैशासाठी समोरच्याला दाखवायला नोटरीच्या वतीनं त्याचा कारकून गेला, तर त्याला ही बंदी नाही.

आला की नाही गुमास्ता? कायदा करणाऱ्यांना नोटरीचा कारकून माहीत होता. त्यांनी त्याचा विचार केला. आणि विचार करून त्याला नेमकं एकच काम मोकळं करून दिलं, हुंडी नेऊन दाखवण्याचं. कारण ते धावपळीचं काम आहे, मुदतीचं आहे, आणि त्यात कोणाच्या शपथेवर किंवा ओळखीवर शिक्कामोर्तब होत नाही. हुंडी नाकारली गेली हे कारकून येऊन सांगेल, पण त्याची नोंद आणि त्यावरचा प्रोटेस्ट नोटरीचा. शपथ देणं, प्रतिज्ञापत्र घेणं, मुखत्यारपत्र साक्षांकित करणं, भाषांतर प्रमाणित करणं ही ८ व्या कलमातली कामं त्या परंतुकात नाहीत. कारकुनाला त्यातलं काही करता येईल असं कायद्याला म्हणायचं असतं, तर ते तिथेच म्हटलं असतं. माझ्या मते नोटरी आणि इंटर्न या वादाचं उत्तर या एका वाक्यात आहे, आणि ते इंटर्न हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी लिहिलेलं आहे.

१९५६ चे नियमही याच अंगाने जातात. नोटरी होण्यासाठी साधारणपणे १० वर्षांची वकिली लागते, काही वर्गांना त्यात सवलत आहे. शिक्का गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर नोटरीचं नाव, त्याचं क्षेत्र आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचं नाव. एनसीआरमध्ये हे क्षेत्र महत्त्वाचं. दिल्ली सरकारनं नेमलेला नोटरी नोएडात टेबल टाकून बसू शकत नाही, कारण नोएडा उत्तर प्रदेशात. गुरुग्राम हरियाणात. शिक्का वाचायची सवय आपल्याला नाही, तो लावा म्हणजे संकट सुरूच होणार नाही. मग नोटरीचं रजिस्टर, पंधराव्या नमुन्यातलं. कोण आलं, पत्ता काय, कागद कसला, फी किती, आणि आलेल्या माणसाची सही. घेतलेल्या फीची पावती द्यायची. वर्षभराच्या कामाचं विवरण जानेवारीत सरकारला पाठवायचं. या सगळ्यात शिकाऊ, साहाय्यक, इंटर्न असा कोणी नाही. जस्टिनियननं निदान एक मदतनीस नोंदवू दिला होता. आपल्या नियमांनी तेवढाही ठेवला नाही.

हे झालं कागदावर. आता फुटपाथवर या.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या पलटणीतल्या एका दिवंगत हवालदाराची पत्नी माझ्याकडे आली. माहेर-सासर साताऱ्याकडचं, आता मुलाच्या नोकरीमुळे गुरुग्रामला. फॅमिली पेन्शनच्या कागदात तिच्या नावापुढे 'बाई' लागलेलं, आधार कार्डावर नाही. फौजेत ही तक्रार इतकी जुनी आहे की तिचा वेगळा विभाग काढावा. प्रतिज्ञापत्र हवं होतं. एनसीआरमधल्या एका कचेरीबाहेर गेलो. झाडाखाली टेबल, टाइपरायटरच्या जागी आता लॅपटॉप, आणि मागे विशीतला मुलगा. कागद छापला, शिक्का काढला. मी विचारलं, नोटरीसाहेब कुठे आहेत?

"साहब कोर्ट में हैं. साइन करके रख गए हैं, आप टेंशन मत लीजिए."

ड्रॉवरमधून त्यानं कागदांची चवड दाखवली. खाली सह्या झालेल्या, वर कोरे. मुलगा लबाड नव्हता हो. अभिमानानं दाखवत होता, साहेबांचा आपल्यावर किती विश्वास आहे म्हणून. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी तिला म्हटलं, ताई, चला, दुसरीकडे जाऊ. ती म्हणाली, साहेब, सगळे असंच करतात. बरोबर होतं तिचं. पण तिचं पेन्शन ज्या कागदावर अवलंबून आहे, तो कागद ती कोणासमोर बोलली हे उद्या कोणी विचारलं, तर त्या झाडाखालचा मुलगा सापडला नसता. कॉन्स्टँटिनोपलमधला नाही का सापडला नव्हता!

कोऱ्या कागदावरच्या सहीबद्दल आम्हा फौजी लोकांना जरा जास्तच चीड असते, त्याला कारण आहे. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं ५८ वं कलम याच विषयावर आहे. पगार, शस्त्रं, दारूगोळा, रसद यांच्या कागदावर सही करताना जो भाग आपली सही खरा ठरवणार आहे तोच कपटानं कोरा सोडला, तर कोर्ट मार्शल आणि ३ वर्षांपर्यंत कैद. युनिटमध्ये हेड क्लार्क डाकेचा फोल्डर घेऊन येतो, 'सर, रूटीन है' म्हणतो, आणि साहेब भराभरा सह्या करतात. पण खाली लिहिलेली रायफल कोतात नसली तर चौकशीत पहिला प्रश्न क्लार्कला येत नाही, ज्याची सही आहे त्याला येतो. नागरी आयुष्यात आल्यावर मला सगळ्यात जास्त आश्चर्य याचं वाटलं, की ज्याचा शिक्का तो कोर्टात आणि ज्याचा हात तो झाडाखाली, हे इथे कोणालाच खटकत नाही.

यात खरंच एवढं काय बिघडतं, असं विचाराल. दिल्लीत घरं बिघडतात. इथल्या अनधिकृत वसाहतींमध्ये दशकानुदशकं घरं विकली गेली ती नोंदणीकृत खरेदीखतानं नाही. जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र, असा तीन कागदांचा जुडगा, पुष्कळदा फक्त नोटरीचा शिक्का मारलेला. गुडगावच्या एका जमिनीच्या व्यवहारावरून सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ ऑक्टोबर २०११ ला न्यायालयानं सांगितलं, असल्या कागदांनी मालकी जात नाही. खंडपीठावर न्यायमूर्ती रवींद्रन, पटनाईक आणि आपले हेमंत लक्ष्मण गोखले होते. लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. मग २०१९ मध्ये संसदेनं दिल्लीच्या १,७३१ अनधिकृत वसाहतींतल्या रहिवाशांसाठी वेगळा कायदा केला आणि तेच मुखत्यारपत्र, तोच करार, तेच मृत्युपत्र हक्काचा आधार म्हणून मान्य केलं. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणा मुनशीनं चहा पिता पिता ठोकलेला शिक्का आज एखाद्या घराचा पाया झाला. तो दोन भावांत भांडणाला आला की प्रश्न एकच, वडील त्या दिवशी नोटरीसमोर होते का? रजिस्टरमध्ये सही आहे का?

आणि कोर्ट हा प्रश्न आता कडक आवाजात विचारायला लागलं आहे. भगवान सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश या प्रकरणात ज्याच्या नावानं सर्वोच्च न्यायालयात याचिका आली होती, तोच माणूस म्हणाला, मी ही याचिका केलेलीच नाही, या वकिलांना मी नेमलेलंच नाही. त्याचं प्रतिज्ञापत्र मात्र रीतसर नोटरी केलेलं, तो समोर नसताना. २० सप्टेंबर २०२४ ला न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि सतीशचंद्र शर्मा यांच्या खंडपीठानं थेट सीबीआय चौकशीचा आदेश दिला. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाच्या दारात ही गोष्ट घडली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून मान खाली घालू नका. अमेरिकेत २०१० साली उघड झालं की गहाण घरांच्या जप्तीच्या हजारो कागदांवर कंपन्यांचे कर्मचारी न वाचता सह्या करत होते आणि सही करणारा समोर नसतानाही नोटरी ठप्पे मारत होते. २०१२ मध्ये ५ मोठ्या कर्जसंस्थांनी ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली.

तर आता मूळ प्रश्न. आपल्या देशात इंटर्ननं शिक्का मारला तर कायदा कोणाला धरतो?

आधी इंटर्न म्हणजे कोण ते पाहा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप लागते. तो विद्यार्थी आहे, वकील नाही. सनदेआधी वर्षभर उमेदवारी सक्तीची करायचा एक प्रयत्न बार कौन्सिलनं १९९५ मध्ये केला होता, पण व्ही. सुधीर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च १९९९ ला ते नियम रद्द केले, बार कौन्सिलला तसा अधिकारच नाही म्हणून. त्यामुळे १८०१ च्या इंग्रजी शिकाऊ पोराला जसं कायद्यात एक स्थान होतं, तसं आपल्या इंटर्नला नोटरीच्या टेबलापाशी काहीच नाही. तिथे तो कायद्याच्या नजरेत फार तर कारकून. आणि कारकुनाला काय मोकळं आहे ते ९ व्या कलमानं सांगितलंच आहे.

त्यापलीकडे जाऊन त्यानं स्वतः शपथ दिली, शिक्का मारला, तर १२ व्या कलमाखाली तो गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे पोरांना कोणी सांगत नाही. याहून वाईट गोष्ट १३ व्या कलमात आहे. नोटरीनं आपलं काम करताना केलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टानं घ्यायची, तर सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. ही ढाल नोटरीला आहे. इंटर्नला नाही. साहेबाच्या सांगण्यावरून शिक्का मारणारा पोरगा उघड्यावर आणि साहेब ढालीमागे, अशी ही रचना आहे, आणि ती मला अन्यायाची वाटते. १९५२ साली ढाल देण्यामागे कारण होतं, हरलेला प्रत्येक पक्षकार नोटरीला फौजदारीत ओढेल ही भीती. पण सह्या करून कोरे कागद ड्रॉवरमध्ये ठेवणं याला नोटरीचं काम म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

नोटरी मात्र सगळीकडूनच सुटतो असं नाही. १३ व्या नियमाखाली त्याच्या गैरवर्तनाची चौकशी होते. ताकीद मिळू शकते, काही काळ निलंबन होऊ शकतं, किंवा प्रमाणपत्र रद्द होऊन कायमची बंदी. तिथे 'मुलानं मारला हो शिक्का' हा बचाव उलटतो, कारण शिक्का मुलाच्या हातात गेला कसा, हेच तर गैरवर्तन. आणि नुकसानभरपाईचा दावा लागला तर मालकाच्या जबाबदारीचं जुनं तत्त्व आहे. १९१२ साली इंग्लंडमध्ये लॉइड विरुद्ध ग्रेस, स्मिथ आणि कंपनी हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला. लिव्हरपूलची वकिलांची पेढी. तिच्या मुख्य कारकुनानं एका विधवेला विक्रीचे कागद म्हणून सह्या करायला लावल्या, आणि प्रत्यक्षात तिची दोन छोटी घरं स्वतःच्या नावावर करून घेतली. मालक म्हणाला, मला पत्ताही नव्हता, एक पैचाही फायदा झाला नाही. लॉर्ड्स म्हणाले, तुमच्या पेढीत बसवलेला, तुमच्या नावानं लोकांशी बोलणारा माणूस आहे तो, भरपाई तुम्ही द्या. आपल्याकडच्या न्यायालयांतही या निकालाचा दाखला वर्षानुवर्षं घेतला जातो.

म्हणून मुलांनो, कायदा शिकणारे जे कोणी ऐकताय त्यांच्यासाठी. मसुदा करा, टाइप करा, आलेल्या माणसाचं ओळखपत्र तपासा, रजिस्टरचे रकाने भरून साहेबांपुढे ठेवा, पावती फाडा. यात बक्कळ शिकायला मिळतं. शपथ देऊ नका, सही करू नका, शिक्का हातात घेऊ नका. साहेबांनी सही करून कोरा कागद दिला तर तो परत त्यांच्या टेबलावर ठेवा. बोलायला जड जातं, ठाऊक आहे मला, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट त्यांच्याच हातात असतं. तरीही.

आणि ज्यांना कागद करून घ्यायचाय त्यांनी दोन गोष्टी मागून घ्या, पावती आणि रजिस्टरमध्ये सही. रजिस्टर पुढे केलं नाही तर समजा की त्या दिवशी, त्या टेबलापाशी, कायद्याच्या लेखी तुम्ही गेलाच नव्हता.

गोव्याच्या मंडळींची चुळबुळ मला इथे बसून दिसतेय. तुमच्याकडे पोर्तुगीज अमदानीपासून नोटरी हा सरकारी अधिकारी, तो दस्त स्वतःच्या वहीत उतरवून घेतो, आणि २०१२ च्या कायद्यानं, जो २२ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला, त्याला स्पेशल नोटरी हे नाव दिलं. ती सगळी वेगळी गोष्ट आहे, १९६१ च्या आधीच्या वह्यांसकट, आणि ती पुढच्या भागात घेऊ. जय हिंद.